पाटलीण कागदावर येते तेव्हा : 'फ्राइहेर' आडनावाची कागदपत्रं

आपल्याकडे पाटलांच्या घरात दिलेली मुलगी गावासाठी पाटलीणबाई होते, पण तिच्या आधार कार्डावर 'पाटील'च येतं. जर्मनीत मात्र कागदावरच 'पाटलीण' येते, आणि मुलगी झाली की तिच्यासाठी तिसरंच रूप. नवरा 'फ्राइहेर फॉन अमुक', बायको 'फ्राइफ्राउ फॉन अमुक', मुलगी 'फ्राइइन फॉन अमुक'. कायद्याच्या दृष्टीने तिघांचं आडनाव एकच. अशा आडनावाच्या घरात लग्न करून जाणाऱ्या मराठी मुलींचे (आणि एखाददुसऱ्या मुलाचेही) कागद लावताना जे जे अडलं, ते क्रमाने इथे मांडतो आहोत. उदाहरणाला 'फॉन मुस्टर' हे बनावट नाव घेतलं आहे. जर्मन सरकारी नमुना ओळखपत्रांवरच्या एरिका मुस्टरमानबाईंची ही लांबची नातेवाईक समजा.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, कारण पुढे प्रत्येक खिडकीवर ती सांगावी लागते. फ्राइहेर ही पदवी नाही. एके काळी होती. दर्जाने साधारण बॅरन. 11 ऑगस्ट 1919 च्या वायमार संविधानातल्या कलम 109 ने जन्माचे विशेषाधिकार काढून घेतले आणि सांगितलं की सरदारकीच्या उपाध्या यापुढे फक्त नावाचा भाग मानल्या जातील, नव्याने कुणाला दिल्या जाणार नाहीत. 1949 च्या मूलभूत कायद्याच्या, म्हणजे जर्मनीच्या आजच्या संविधानाच्या, कलम 123 मुळे ही तरतूद आजही साध्या कायद्यासारखी लागू आहे. आपल्याकडे 1950 च्या कायद्याने परगणा आणि कुलकर्णी वतनं गेली, 1962 मध्ये मुलकी पाटीलकी गेली, तरी देशमुख, कुलकर्णी, पाटील ही आडनावं राहिलीच. तोच प्रकार. फरक एवढाच, की जर्मनांनी आख्खी उपाधी जशीच्या तशी आडनावाच्या रकान्यात नेऊन ठेवली.

त्यामुळे शब्दांची जागा बदलली. 1919 च्या आधीच्या कागदांत 'फ्राइहेर कार्ल फॉन मुस्टर' असं दिसतं, उपाधी सर्वांत पुढे. आजचं कायदेशीर रूप 'कार्ल फ्राइहेर फॉन मुस्टर'. पहिलं नाव संपलं की आडनाव सुरू, आणि ते आडनाव तीन शब्दांचं. घरातली जुनी पत्रिका किंवा पणजोबांचा दाखला बघून फॉर्म भरायला गेलात तर पहिली चूक इथेच होते.

स्त्रीलिंगी रूपाचा आधारही विचारला जातो. आडनाव झालं तर मग ते बदलतं कसं, असा रास्त प्रश्न तेव्हाही पडला होता. 10 मार्च 1926 रोजी राइशगेरिख्ट या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की ही आडनावं धारकाच्या लिंगाप्रमाणे बदलतील. म्हणून ग्राफची (काउंट) ग्रेफिन, प्रिन्त्सची (राजपुत्र) प्रिन्त्सेसिन, फ्राइहेरची लग्नाने फ्राइफ्राउ आणि जन्माने फ्राइइन. रिटर (नाइट) या शब्दाला मात्र रुळलेलं स्त्रीरूप नाही. उलटही चालतं. नवऱ्याने बायकोचं 'फ्राइइन फॉन मुस्टर' हे आडनाव घेतलं तर तो फ्राइहेर फॉन मुस्टर होतो. सरदार घराण्यांच्या संस्था अशा जावयाला आपल्यातला मानत नाहीत, त्यांच्या लेखी तो नुसता 'नामधारक'. पण नोंदणी कार्यालयाला त्याच्याशी काही देणंघेणं नाही.

आता प्रत्यक्ष कागद.

लग्न जर्मनीत होणार असेल तर सगळं श्टांडेसआम्टमध्ये, म्हणजे नागरी नोंदणी कार्यालयात. जर्मनीला परदेशी नागरिकाकडून विवाहक्षमतेचा दाखला लागतो आणि भारतात असा दाखला देणारं कार्यालयच नाही. म्हणून त्या दाखल्यातून सूट मिळवावी लागते. ती देतात ओबरलांडेसगेरिख्टचे, म्हणजे त्या भागातल्या उच्च न्यायालयाचे अध्यक्ष. अर्ज श्टांडेसआम्टमार्फतच जातो. सूट सहा महिनेच टिकते. भारतीय जन्मदाखला आणि अविवाहित असल्याचा दाखला यांवर अपोस्टिल, म्हणजे हेग करारानुसारचा प्रमाणीकरणाचा शिक्का, करून आणलं तरी जर्मनी ते मानत नाही, कारण भारताच्या त्या करारातल्या सहभागाला जर्मनीने हरकत घेतलेली आहे. त्याऐवजी जर्मन वकिलातीमार्फत कागदांची प्रत्यक्ष पडताळणी होते. खर्च अर्जदाराच्या माथी, आणि वेळ महिन्यांच्या हिशेबात. हॉलची तारीख आधी ठरवून मग कागदांना लागणाऱ्यांची जी धावपळ होते ती बघवत नाही. पडताळणी पूर्ण, मग सूट, मग तारीख, हाच क्रम.

याच टप्प्यावर आपलं मराठी मधलं नाव आडवं येतं. पासपोर्टवर दिलेलं नाव 'नेहा सुरेश', आडनाव 'जोशी' असेल तर जर्मन नोंदीत सुरेश हे वडिलांचं नाव बाईच्या पहिल्या नावांच्या ओळीत जाऊन बसतं. जर्मन कायद्यात मधल्या नावाचा रकानाच नाही. नाव जर्मन कायद्याखाली आलं की नागरी संहितेच्या प्रास्ताविक कायद्यातल्या कलम 47 प्रमाणे एक निवेदन देऊन तो भाग गाळता येतो. गाळायचं की ठेवायचं हे आधी ठरवा, कारण भारतीय पासपोर्टवर तसंच राहिलं तर दोन देशांत दोन नावं. आणि सासरी गेल्यावर मधे नवऱ्याचं नाव, 'नेहा कार्ल', हे जर्मनीत शक्य नाही.

लग्नाच्या वेळी, किंवा नंतर कधीही, दोघं मिळून 'एऽनामे', म्हणजे सामायिक वैवाहिक आडनाव ठरवू शकतात. ठरवलंच पाहिजे असं नाही. न ठरवल्यास जोशी जोशीच राहते. 1 मे 2025 पासून दोन बदल लागू झाले. दोघांची आडनावं जोडून सामायिक जोडनाव घेता येतं. आणि व्यक्तीचं नाव कोणत्या देशाच्या कायद्याने चालेल हे आता नागरिकत्वाऐवजी ती नेहमी राहते कुठे यावर ठरतं. हवं तर आपल्या नागरिकत्वाचा कायदा निवडता येतो. म्हणजे म्युनिकला राहणाऱ्या भारतीय मुलीला जर्मन नावकायदा आपोआप लागू होतो. पूर्वीच्या अनुभवावरून मैत्रिणीने दिलेला सल्ला इथे सरळ चुकू शकतो.

लग्न पुण्यात किंवा नागपुरात विशेष विवाह कायद्याखाली, 30 दिवसांच्या नोटिशीने झालं असेल, तर आडनावाचं निवेदन मागाहून करता येतं. दोघांच्या सह्या अधिकृतपणे साक्षांकित व्हाव्या लागतात. जर्मनीत श्टांडेसआम्टमध्ये, भारतात असाल तर जर्मन वकिलातीत. निवेदन योग्य श्टांडेसआम्टला पोचलं की तेव्हापासून लागू. जर्मनीत कधी राहिलाच नसाल तर कागद बर्लिनच्या श्टांडेसआम्ट क्रमांक 1 कडे जातात, आणि तिथली रांग मोठी असते. या नोंदीनंतर जो 'नामधारणेचा दाखला' मिळतो त्याच्या दोन-तीन मूळ प्रती तेव्हाच घेऊन ठेवा. पुढे सगळीकडे तोच कामाला येतो.

निवेदनाचा मसुदा सहीला समोर येतो तेव्हा तो अक्षर अक्षर लावून वाचायचा. वैवाहिक आडनाव म्हणून 'फ्राइहेर फॉन मुस्टर' लिहिलेलं असतं ते बरोबर आहे, तिथे दचकू नका. पण खाली बायकोचं विवाहानंतरचं नाव या ओळीत 'फ्राइफ्राउ फॉन मुस्टर' यायला हवं. जन्माचं आडनाव 'जोशी' वेगळ्या ओळीत. दुसरी खोड विभक्तीची. जर्मन वाक्यात फ्राइहेरचा 'फ्राइहेर्न' होतो, ग्राफचा 'ग्राफेन', प्रिन्त्सचा 'प्रिन्त्सेन', जसं आपलं 'पाटील'चं 'पाटलाने' होतं. 'फ्राइहेर्न फॉन मुस्टर यांच्याशी विवाह' अशा वाक्यातून भाषांतरकाराने नाव उचललं तर इंग्रजी प्रतीत नवऱ्याचं आडनावच 'फ्राइहेर्न' होऊन बसतं. एका जादा अक्षरापायी शपथबद्ध भाषांतर पुन्हा करून घ्यावं लागतं. नाव वाक्यातून नाही, रकान्यातून घ्यायचं, हे भाषांतरकाराला आधीच सांगून ठेवलेलं बरं.

नवरा प्रिन्त्स घराण्यातला असेल तर आणखी एक गंमत. 1919 पूर्वी काही घराण्यांत कुटुंबप्रमुखाला वेगळी, वरची उपाधी असे, उदाहरणार्थ फ्युर्स्ट, आणि बाकीचे नुसते प्रिन्त्स. प्रशियाच्या 23 जून 1920 च्या कायद्याने प्रमुखाची ती खास उपाधी तेव्हाच्या धारकापाशीच संपवली. आडनाव म्हणून उरलं ते सर्वांचं सामान्य रूप. म्हणून वर्तमानपत्रांत 'फ्युर्स्ट' म्हणून मिरवणाऱ्या गृहस्थाच्या पासपोर्टवर 'प्रिन्त्स' निघतो. शेवटच्या कैसरच्या खापरपणतूचंही कायदेशीर नाव गेओर्ग फ्रीडरिश प्रिन्त्स फॉन प्रॉइसेन असंच आहे. घरातल्या चांदीच्या ताटावर काय कोरलंय ते सोडा, पासपोर्ट मागून बघा.

नाव इंटरनेटवरून उचलण्याचा मोह तर अजिबात नको. फेब्रुवारी 2009 मध्ये कार्ल-थेओडोर त्सू गुटेनबेर्ग जर्मनीचे आर्थिक व्यवहार मंत्री झाले. त्यांच्या लांबलचक नावांच्या माळेत फिलिप आणि फ्रान्स यांच्यामध्ये कुणी तरी विकिपीडियावर गमतीने एक 'विल्हेल्म' घुसवला, आणि दुसऱ्या दिवशी तो मोठमोठ्या वृत्तपत्रांत छापून आला.

नवरा ऑस्ट्रियन असेल तर वरचं बरंचसं बाजूला ठेवा. ऑस्ट्रियाने 3 एप्रिल 1919 च्या कायद्याने सरदारकी, उपाध्या आणि 'फॉन'सुद्धा साफ काढून टाकलं. एका ऑस्ट्रियन बाईंना जर्मनीत दत्तकविधानाने 'फ्युर्स्टिन फॉन जाइन-विट्गेनश्टाइन' हे नाव मिळालं. ऑस्ट्रियाने बऱ्याच वर्षांनंतर ते नुसतं 'जाइन-विट्गेनश्टाइन' करून टाकलं, आणि युरोपीय न्यायालयाने 22 डिसेंबर 2010 रोजी ऑस्ट्रियाला तसं करण्याची मुभा आहे असा निकाल दिला. तिथे वाद घालून उपयोग नाही.

पुढचा टप्पा भारतीय पासपोर्ट. जर्मन नोंदीत नाव बदललं तरी निवासपरवान्याचं कार्ड पासपोर्टवरच्या नावाने निघतं. त्यामुळे आधी भारतीय दूतावासातून नव्या आडनावाचा पासपोर्ट, मग कार्ड, मग बँक, आरोग्य विमा, वाहन परवाना. उलट्या क्रमाने गेलात तर मधले काही महिने दोन नावांनी काढावे लागतात. विवाहाचा आंतरराष्ट्रीय, बहुभाषिक दाखला श्टांडेसआम्टच देतं. तो घेतला तर त्याचं वेगळं भाषांतर लागत नाही.

खिडकीवर हरकत ठरलेली: नावात पदवी चालणार नाही. अर्जात डॉ., कर्नल असल्या उपाध्या लिहायच्या नसतात आणि 'फ्राइफ्राउ' शब्दकोशात बघितलं तर 'बॅरोनेस' निघतं, तेव्हा कारकुनाचंही चुकत नाही. भर म्हणून कुणी भारतीय संविधानाचं कलम 18 काढतं, ज्याप्रमाणे भारतीय नागरिकाने परदेशी राज्याकडून किताब स्वीकारायचा नाही. उत्तर सरळ आहे. किताब देणारं राज्यच इथे नाही, त्या राज्याने 1919 पासून असा किताब देणंच बंद केलंय. हे लग्नाने आलेलं आडनाव आहे. पण तोंडी उत्तर फायलीत राहत नाही. म्हणून नामधारणेच्या दाखल्यात 'कुटुंबनाम : फ्राइफ्राउ फॉन मुस्टर' असं एका ओळीत लिहून घ्यायचं, आणि शक्य असेल तर नवऱ्याचं 'फ्राइहेर' आणि बायकोचं 'फ्राइफ्राउ' ही एकाच आडनावाची दोन रूपं आहेत असं एक वाक्य त्यात टाकायची विनंती करायची. या एका वाक्याने पुढच्या निम्म्या फेऱ्या वाचतात. नसेल तर कलम 109 चं प्रमाणित भाषांतर जोडा.

ग्रेफिनच्या बाबतीत स्वराकडे लक्ष असू द्या. मूळ जर्मन शब्दात तो 'e' ने नाही, दोन टिंबांच्या 'a' ने (ä) लिहितात. जर्मन पासपोर्टच्या यंत्रवाच्य ओळीत तो रोमन ए-ई (ae) अशा दोन अक्षरांनी लिहितात. आपल्या अर्जात टिंबं सोडून नुसता ए (a) टाकला तर आईचं आडनाव एका स्पेलिंगचं, मुलीचं दुसऱ्या. अर्जातच ए-ई लिहा.

यंत्रवाच्य ओळ म्हणजे पासपोर्टच्या तळाशी बाणासारख्या खुणांनी भरलेल्या दोन ओळी. प्रत्येकी 44 जागा. पहिल्या ओळीत सुरुवातीच्या 5 जागा दस्तऐवजाचा प्रकार आणि देश यांना गेल्या की नावाला 39 उरतात. हिशेब करून बघा. रोमनमध्ये फ्राइफ्राउची 8 अक्षरं, बाण 1, फॉनची 3, बाण 1, मुस्टरची 6. झाले 19. आडनाव संपल्याचे दोन बाण, 21. 'नेहा सुरेश'ला मधल्या बाणासकट 11. एकूण 32, बसलं. आता 'प्रिन्त्सेसिन त्सू जाइन-विट्गेनश्टाइन-बेर्लेबुर्ग' घ्या: 10, 2, 4, 12, 9 आणि मधले 4 बाण (जोडरेघेचाही बाणच होतो). नुसतं आडनावच 41. ते कापलं जातं, कारण पहिल्या नावाचं निदान एखादं अक्षर तरी त्या ओळीत यावंच लागतं.

विमानाचं तिकीट या ओळीशी जुळवून काढायचं. आरक्षण प्रणाल्या मधल्या जागा गिळतात, त्यामुळे तीन शब्द चिकटून एक होतात, ते चालतं. चालत नाही ते म्हणजे 'फ्राइफ्राउ' गाळून नुसतं 'फॉन मुस्टर'. जर्मन संकेतस्थळांवर संबोधनाच्या यादीत कधी कधी ग्राफ, फ्राइहेर असे पर्याय दिसतात. तिथून निवडलं तर ते तिकिटावरच्या आडनावात न येता गळून पडतं. संबोधन 'फ्राउ' ठेवा आणि आडनावाच्या चौकटीत तिन्ही शब्द लिहा. आईने मुलीला एकटीने घेऊन प्रवास करायचा असेल तर एक फ्राइफ्राउ, एक फ्राइइन असं बघून सीमेवरचा अधिकारी थांबवतोच. जन्मदाखल्याची आंतरराष्ट्रीय प्रत पासपोर्टच्या आतच ठेवलेली बरी.

मुलांचं म्हणाल तर जन्माची माहिती एका आठवड्यात द्यायची असते, रुग्णालय बहुतेक परस्पर देतं. सामायिक आडनाव असेल तर मुलाचं 'फ्राइहेर फॉन मुस्टर', मुलीचं 'फ्राइइन फॉन मुस्टर'. हमखास घडणारी चूक म्हणजे आईचं रूप बघून तान्ह्या मुलीलाही फ्राइफ्राउ करून टाकणं. दाखला हातात पडल्या पडल्या बघा. उघड दिसणारी चूक नागरी नोंदणी कायद्याच्या कलम 47 खाली (मघाच्या 47 शी याचा संबंध नाही) श्टांडेसआम्ट स्वतः दुरुस्त करतं. नाही केली तर कलम 48 खाली न्यायालयात जावं लागतं.

गावी शेत किंवा फ्लॅट नावावर असेल तर देवनागरीतलं स्पेलिंगही पहिल्या दिवशीच ठरवा. उच्चार 'फॉन' आहे, पण तलाठी कार्यालयात 'व्हॉन' लिहिलं जातं, बँकेत 'वॉन', आणि वारसनोंदीच्या वेळी तिन्ही बायका एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र करत बसावं लागतं. महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल छापून घेतला की त्यातलं देवनागरी रूप हाच आधार धरता येतो.

रोजच्या व्यवहारात एवढं ताणायची गरज नसते. बहुतेक जण ओळख करून देताना 'फॉन मुस्टर' एवढंच सांगतात. पत्रात 'प्रिय श्री. फॉन मुस्टर' पुरतं. ग्राफ असेल तर 'श्री.' गाळून 'प्रिय ग्राफ मुस्टर' लिहायची रीत आहे. करार, विमा आणि करविवरण यांत मात्र पूर्ण नाव. दवाखान्यात किंवा कर कार्यालयात 'तुमची नोंदच नाही' असं ऐकलं तर एफ, व्ही आणि एम या तिन्ही अक्षरांखाली शोधायला सांगा. संगणक आडनावाच्या चौकटीतला पहिला शब्द बघतो, जुनी फाईल मूळ नावाखाली लागलेली असते, आणि कुणी तरी मधेच 'फॉन'वर अडकलेलं असतं. दारावरच्या पत्रपेटीवर मुस्टरसोबत जोशीही लिहून ठेवा. पासपोर्ट बदलेपर्यंत येणारी निम्मी पत्रं जोशीच्याच नावाने येतात आणि पेटीवर नाव नसलं तर पोस्टमन ती परत नेतो.